एक किलो मीठ

दिवसा मी ठोकळे फोडतो.
सिमेंटचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेले,
प्रत्येकावर टॉवरचं नाव, मजला, तारीख.
यंत्र दाबत जातं, काटा चढत जातो,
मग एक कोरडा खोकला
आणि मी आकडा लिहितो.
फुटल्याशिवाय आमच्याकडे आकडा मिळत नाही.

रात्री शारजाच्या सनैया दहामध्ये
गुलझमानच्या सुतारखान्यात,
जिथे दिवसभर व्हिलांची दारं बनतात,
दोन लोखंडी सळयांवर मी एक फळी आडवी ठेवतो.
स्प्रूसची. कुठल्याशा जर्मन कॉम्प्रेसरच्या खोक्यातली,
दोन तुकडे जोडून केलेली.
एकावर अजून पेल्याचं चित्र आहे काळ्या शाईत,
म्हणजे सांभाळून.
फळीच्या मधोमध एक किलो मिठाची पिशवी,
खालून डायल गेज,
लॅबमधून न सांगता आणलेला, सकाळी सातच्या आत परत.

किती लवते ते बघायचं.
मीठ उचललं की परत वर येते का, तेही.

रेषेच्या बाजूने दोन पॉइंट एक.
फिरवून आडव्या रेषेवर टेकवली
तर मिठाच्या नुसत्या चाहुलीनं खाली जाते.
वडील असेच होते, कचेरीत एक, ताटावर दुसरे.

आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात होतं:
मोडेन पण वाकणार नाही.
दर पंधरा ऑगस्टला त्याच्याखाली रांगेत उभं राहून
आम्ही चिवड्याची पुडी घ्यायचो.
हे वाक्य या फळीनं मनावर घेतलं
तर गिटार मुकी होईल.

रंधा मारताना घाई नको.
जाडी अर्धी केली तर ताठपणा अर्धा होत नाही,
आठवा हिस्सा उरतो.
हे समजायला मला दोन फळ्या लागल्या.
त्यांच्यावर गुलझमान आता चहाची किटली ठेवतो.

आणि हवा.
शटर उघडं असलं की खाडीवरून येणारा ओला वारा
लाकूड नुसतं पीत राहतं,
तीच फळी मग दोन पॉइंट चार म्हणते.
एसीखाली आठवडाभर ठेवली की पुन्हा दोन.
खरं कुठलं विचारू नका.
वहीत मी हवेसाठी वेगळा रकाना आखलाय.

गिटार क्रिसांतोची.
तो टॉवर क्रेनवर बसतो,
सकाळी डबा घेऊन चढतो, अंधार पडला की उतरतो,
मधे त्याच्याशी बोलते फक्त वायरलेस.
प्रोजेक्ट बंद पडलं. व्हिसा एकोणीसपर्यंत.
फळीला मुरायला अजून महिना हवा होता.

बाराला आला. दोन पॉइंट सहावर मी थांबलो होतो,
वहीत रेघ मारून.
त्यानं गेजकडे पाहिलंही नाही.
फळी कानाशी धरली, बोटाच्या पेरानं टकटक केलं,
मग दोन्ही अंगठे टेकवून हलकेच दाबली,
जशी बाई भाकरी फुगली का बघते.
म्हणाला, अजून.
मी म्हणालो, वही नाही म्हणते.
अजून, भाई.

चार हात रंधा.
पापुद्रे इतके पातळ की गुलझमानच्या पंख्यानं
दारांच्या ढिगापर्यंत नेले.
दोन पॉइंट नऊ.
या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.
सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलो,
म्हणजे मी,
रात्रंदिवस त्या पानाएवढ्या लाकडाला लोंबकळणार,
तिकडच्या, याहून ओल्या हवेत, वर्षानुवर्षं.

अठरालाच तो गेला,
टॉवेलमध्ये गुंडाळलेली गिटार छातीशी घेऊन, पॉलिशशिवाय.
पेल्याचं चित्र आतल्या बाजूला राहिलं.
भोकातून टॉर्च मारला तरच दिसेल.

पोचल्याचा फोन आला. गिटारचं तो काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.
वहीचं ते पान तसंच आहे,
शेवटचा रकाना रिकामा.

मिठाची पिशवी गुलझमाननं त्याच रात्री
डाळीत टाकायला फोडली.
पुढच्या फळीसाठी नवी आणायला हवी,
त्याच कंपनीची.